घाट आणि ट्रॅकसाठी जुन्या स्विफ्टचे ब्रेक : २५ हजार रुपये कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०१५ची पेट्रोल स्विफ्ट झेडएक्सआय, ७० हजार किलोमीटर झालेली. नोकरी बंगळुरूला, घर वाईला. घरी आलं की कुटुंबाला घेऊन पाचगणी-महाबळेश्वर होतंच. मागच्या खेपेला पसरणी घाट उतरून वाईत चहाला थांबलात, निघताना पहिल्यांदा दाबलं तेव्हा ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. त्याआधी घाटात जळका वास येत होता. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं झालं. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही. आता तीन महिन्यांनी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे करायचा आहे, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची आहे. गॅरेजवाल्यांचा सल्ला आहे की मागचे ड्रम काढून डिस्क बसवा आणि पुढे भोकं पाडलेल्या डिस्क टाका. बजेट २५ हजार. हे करावं का?

नाही, यातलं काहीच करू नका. गॅरेजवाले मुद्दाम फसवत असतील असं मला वाटत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणाशी त्या उपायाचा संबंध नाही. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. मागे डिस्क बसवली असती तरी ते उकळलंच असतं.

'ब्रेक कमी पडतात' या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे गाडी थांबवण्याची ताकद, दुसरी म्हणजे पुन:पुन्हा थांबवताना तयार होणारी उष्णता सोसण्याची ताकद. पहिली स्वतःच तपासता येते. कोरड्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना ताशी ५० ते ६०च्या वेगात पेडल पूर्ण जोर लावून दाबा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होऊन पेडल पायाखाली थरथरलं, तर ब्रेकमध्ये चाक अडवण्याइतकी ताकद आहेच. त्यापुढे थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क किंवा जास्त पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) त्या एका थांबण्यात एक मीटरही कमी करणार नाही. बहुतेक गाड्या ही चाचणी सहज पार करतात. त्या हरतात त्या दुसऱ्या बाबतीत, आणि तुमचीही तिथेच हरली.

उष्णता किती असते याचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित करू. गाडी रिकामी साधारण ९६५ किलो, दोन माणसं धरून ११०० किलो. ताशी १०० वरून पूर्ण थांबायचं तर सुमारे ४२५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर येतो. एका डिस्कचं वजन पाच किलो धरलं, तर एका थांबण्यात तिचं तापमान ६५ अंशांच्या आसपास वाढतं. आता घाट बघा. पाचगणी ते वाई उतार सुमारे पावणेसहाशे मीटरचा. म्हणजे तीच गाडी खाली आणताना सुमारे ६२०० किलोज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात, ताशी १०० वरून पंधरा वेळा थांबण्याइतके. चार माणसं आणि सामान असेल तर त्यात आणखी पाचवा हिस्सा मिळवा. ताशी ४०ने उतरलात तर यातला तिसरा हिस्सा टायरचं घर्षण आणि हवेचा रोध खातो. उरलेला इंजिन आणि ब्रेक यांच्यात वाटला जातो आणि ती वाटणी पूर्णपणे तुमच्या गिअरवर अवलंबून असते. चौथ्या गिअरमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळं ब्रेकच्या वाट्याला. दुसऱ्यात उतरलात तर इंजिन बराच भार उचलतं.

चहाला थांबल्यावरच पेडल का गेलं, हेही समजून घेण्यासारखं आहे. गाडी चालत असते तोवर वारा डिस्क थंड करत असतो. थांबली की वारा बंद होतो, पण तापलेली डिस्क आणि तिला घासणारे पॅड आपली उष्णता पिस्टनला आणि पिस्टनमागच्या तेलाला देतच राहतात. म्हणून तेलाचं तापमान गाडी थांबल्यानंतर आणखी वर चढतं. तेलात पाणी मुरलेलं असेल तर तिथे वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. थंड झाल्यावर वाफ विरते आणि पेडल परत येतं. हीच यातली धोक्याची बाजू आहे, कारण पुढचे चार महिने सगळं ठीक वाटतं.

पेडल काय सांगतंय ते ओळखता आलं की निम्मे पैसे वाचतात. तापल्यावर पेडल मऊ आणि लांब झालं तर तेल. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेले. थंड असतानाही पहिल्यांदा लांब आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर बहुधा मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट गेलंय. वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं, तर पुढच्या डिस्कच्या पृष्ठभागाची किंवा हबवरच्या गंजाची गडबड. गाडी एका बाजूला ओढते, तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय, नाहीतर तेल नेणारा रबरी होज आतून फुगून बंद होत चाललाय. तुमच्याकडे पहिलं लक्षण आहे आणि वासावरून दुसऱ्याची सुरुवातही दिसते.

यापुढचं काही परिस्थितीवर अवलंबून आहे. घाट आणि ट्रॅक यांच्या मागण्या वेगळ्या असतात. घाटात उष्णता सावकाश, पण बराच वेळ येत राहते. गाडीत घरची माणसं असतात आणि थंड ब्रेकनेही पहिल्या दाबाला पकडलं पाहिजे. ट्रॅकवर ती झटक्याने येते. ताशी ११० वरून ६० वर आणायला सुमारे ३६० किलोज्यूल, आणि कारीसारख्या सुमारे २.१ किलोमीटरच्या छोट्या, वळणावळणांच्या ट्रॅकवर एका मोठ्या ब्रेकिंगनंतर डिस्क थंड व्हायच्या आत पुढचं येतं. चार-पाच लॅपमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, डिस्क ४०० अंशांच्या वर जाऊ शकते. साधे पॅड ३०० ते ३५० अंशांच्या आसपास पकड सोडायला लागतात. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची असेल तर निवड घाटाच्या बाजूने करावी आणि ट्रॅकवर लॅप कमी माराव्यात, असं माझं ठाम मत आहे. आणि जोरात चालवायचं ते ट्रॅकवरच. घाटात ब्रेक सुधारायचे ते सुरक्षित उतरण्यासाठी, वेग वाढवण्यासाठी नाही.

आता कामाला सुरुवात. पहिला खर्च नवा भाग घेण्याचा नाही, आहे ते नीट करण्याचा. सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिन हमखास कोरड्या पडलेल्या असतात. चारही चाकं काढा, पण गाडी फक्त जॅकवर ठेवून हात घालू नका, खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. पुढचे पॅड काढून आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजा. आतला बराच जास्त झिजला असेल तर पिन अडकतेय. पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असेल तरीही तेच. पिन बाहेर काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्या. साधं पिवळं चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. खनिज ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते, तीही आधीपेक्षा घट्ट. पॅड ज्या पत्र्याच्या क्लिपांवर सरकतात त्यांच्या खालचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. पिस्टनवरचा धुळीचा बूट फाटला असेल तर रिपेअर किट टाका. पॅडमागच्या पातळ पत्र्याच्या शिम बऱ्याचदा 'आवाज करतात' म्हणून फेकून दिल्या जातात. त्या परत लावा. पिस्टनकडे जाणारी थोडी उष्णता त्या अडवतात. आणि काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा.

मागे ड्रम उघडा. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी यंत्रणा धुळीने आणि गंजाने जाम झालेली असते. मग लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढत जातं, पेडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो आणि पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो. अ‍ॅडजस्टर काढून साफ करा, त्याच्या आट्यांना किंचित ब्रेक ग्रीस लावा, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर खरखरीत पॉलिश पेपरने घासा. लायनरना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. ओल असेल तर सिलिंडर बदला आणि तेल मुरलेले लायनरही बदला, कारण ते धुऊन सुधारत नाहीत. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसा. ती धूळ छातीत जाते.

एवढं झालं की ब्रेक ऑइल, म्हणजे तुमच्या मूळ दुखण्याचं औषध. नावात ऑइल असलं तरी हे खनिज तेल नव्हे, ग्लायकॉल प्रकारचा द्रव आहे, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून पाणी आत शिरत राहतं. वाई-महाबळेश्वरचा पावसाळा बघता ते लवकरच शिरतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पण साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० एवढीच हमी. डॉट ४ला हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ला २६० आणि १८०. तुमचं तेल कधी बदललं हे तुम्हाला आठवत नाही, म्हणजे ते दुसऱ्या आकड्याच्या जवळ असणार. दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे, मग गाडी चालो वा उभी राहो.

तुम्ही चांगल्या कंपनीचं डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्या, बंद डब्यातलं, एक लिटर. अर्धवट वापरून ठेवलेला डबा घेऊ नका. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले, एकमेकांत मिसळले तरी बिघाड होत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं दिसलं तरी ते या गाडीत अजिबात घालू नका. मोटुल आरबीएफ ६०० सारखी स्पर्धेची तेलं ३०० अंशांच्या वर टिकतात, पण ती वारंवार बदलण्याच्या हिशोबाने बनवलेली असतात. ट्रॅकवर महिन्याला जाणाऱ्याने ती घ्यावीत. वर्षातून एकदा जाणाऱ्याला ताजं डॉट ५.१ पुरतं.

बदलताना फक्त टाकीतलं तेल ओढून नवं भरणं म्हणजे काहीच न करणं. उकळतं ते कॅलिपरमधलं तेल. आधी सिरिंजने टाकीतलं जुनं काळपट तेल काढा, नवं भरा, मग चारही चाकांतून जुनं बाहेर काढा. क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ठेवा. चाकामागच्या तेल सोडायच्या निपलवर आधी रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवलेलं. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, तेल आलं की बंद करायचा, आणि निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. हा क्रम उलटला तर हवा आत जाते. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेलं तेल येईपर्यंत हेच. दर आठ-दहा दाबांनी टाकीत बघा. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या पंपात शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो आणि साधं काम दिवसभराचं होतं. जुन्या गाडीत पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा. रोज पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन जिथपर्यंत जातो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि घाण साठलेली असते. पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्यावर घासून फाटतं, आणि चांगला चाललेला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी गळायला लागतो. निपल जोर लावून आवळू नका, तो पोकळ असतो, तुटतो. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, रंग उतरवतं.

पुढच्या चाकांचे रबरी होज अकरा वर्षांचे होत आले. ते बदलाच, बदलताना होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर नव्या लावा. स्टीलची जाळी असलेले होज घेतले तर पेडल थोडं घट्ट लागतं, बस. थांबण्यात फरक पडत नाही. कंपनीचे रबरी होज पुरेसे आहेत.

पॅडच्या बाबतीत दोन रस्ते आहेत. पहिला, मारुतीचे मूळ पॅड किंवा बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग यांसारख्या कंपनीचे. पुढच्या जोडीला ढोबळमानाने दीड ते अडीच हजार. नीट बसवलेले हे पॅड पसरणीच काय, महाबळेश्वर-पोलादपूरच्या आंबेनळी घाटालाही पुरतात, फक्त गिअर खालचा हवा. दुसरा, ईबीसी यलोस्टफ किंवा फेरोडो डीएस २५०० या वर्गातले, जे थंड असतानाही पकडतात आणि साध्या पॅडपेक्षा बरंच जास्त तापमान सोसतात. तुमच्या कॅलिपरच्या आकारात ते मिळतात का हे आधी जुना पॅड हातात घेऊन दुकानदाराकडे ताडून बघा. जोडीचे सहा ते दहा हजार धरा. डिस्क थोडी लवकर झिजते, काळी धूळ पडते, कधी चीं आवाज येतो. हे मान्य असेल तरच घ्या. याच्या वरचे, निव्वळ शर्यतीचे पॅड रस्त्यावर नको. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि बंगळुरूच्या सिग्नलवर समोरचा अचानक थांबतो तेव्हा ब्रेक थंडच असतात.

पॅडच्या मागच्या पट्टीवर बऱ्याचदा एफएफ, एफई, जीजी अशी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड अवस्थेतलं घर्षण, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होणार. ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या एका छोट्या तुकड्याच्या चाचणीची असतात, म्हणून त्यावरून टिकाऊपणा कळत नाही, पण एफई आणि एफएफ यांत निवडायचं असेल तर एफएफ घ्यावा. बाजारात नकली पॅड भरपूर आहेत. सुट्टे, बिनबिलाचे, अर्ध्या किमतीचे पॅड घाटात उतरणाऱ्या गाडीत घालू नयेत.

पुढचे पॅड चांगले घेतले आणि मागे मूळचे लायनर ठेवले, तर ब्रेकचा समतोल किंचित पुढे झुकतो. ही सुरक्षित बाजू आहे. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ जाते, मागची आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते.

आणि म्हणूनच मागे डिस्क नको. याचंही गणित आहे. जोरात ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे सरकतं. तुमच्या स्विफ्टचा व्हीलबेस २.४३ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर, आणि मंदन ०.९ जी (गुरुत्वाच्या ०.९ पट) धरलं, तर एकूण वजनाचा जवळजवळ १८ टक्के भाग मागून पुढे जातो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ३८ टक्क्यांच्या आसपास असतं ते २० टक्क्यांवर येतं. म्हणजे ज्या चाकांना एकूण कामाचा पाचवा हिस्सा करायचा आहे, त्यांच्यावर तुम्ही सगळं बजेट घालणार. वर मागच्या हबपासून हातब्रेकच्या केबलपर्यंत सगळं बदलायचं. कॅलिपरच्या पिस्टनला लागणाऱ्या तेलाचं प्रमाण ड्रमच्या सिलिंडरपेक्षा वेगळं, त्यामुळे मास्टर सिलिंडरशी मेळ बसत नाही. मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडीची आकडेमोड ड्रमसाठी केलेली असते. पावसात ओल्या वळणावर मागच्या चाकाची पकड आधी सुटली तर ते सावरण्याइतकी जागा घाटात नसते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. असा मोठा बदल अपघातानंतर विम्याच्या वेळीही आड येऊ शकतो. पॅड, तेल, त्याच मापाच्या डिस्क यांना ही अडचण नाही.

भोकांच्या डिस्कचं थोडक्यात: भोकं पाडली की लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी होते, आणि ट्रॅकवर भोकांच्या कडांपासून तडे जातात. साध्या, आतून हवा खेळणाऱ्या मूळ मापाच्या डिस्कच ठेवा. डिस्कच्या घेरावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. किमान जाडीच्या जवळ आली असेल तर ट्रॅकला जाण्याआधी नवी जोडी घ्या, चार ते साडेपाच हजारांत होते. लेथवर फिरवून पातळ केलेली डिस्क ट्रॅकवर लवकर तापते. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा पृष्ठभाग गंज जाईपर्यंत घासा. तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्रा डिस्क वाकडी फिरवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरू लागतं. मग सगळे म्हणतात डिस्क बेंड झाली. चाकाचे नट टॉर्क पान्यानेच, आलटून पालटून आवळा.

बसवल्यावर लगेच जोरात चालवू नका, पॅड बसू द्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा, पूर्ण न थांबता, मधे अर्धा मिनिट चालवत. मग ताशी ८० वरून २० पर्यंत जरा जोराने सात-आठ वेळा. आता वास येईल, येऊ द्या. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून थंड करा. तापलेले पॅड डिस्कवर दाबून उभं राहिलात तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि तीच जागा पुढे थरथरते. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. हे न करता थेट ट्रॅकवर गेलेले नवे पॅड पहिल्याच दोन-तीन लॅपमध्ये पकड सोडतात, कारण त्यांच्यातली राळ तापून वायू बाहेर पडत असतो.

हिशोब करू. तेल दोन वेळचं, एकदा आत्ता आणि एकदा ट्रॅकनंतर, दीड हजार. पिन, बूट, क्लिपा, ग्रीस, पुढचे होज आणि मजुरी, पाच हजारांपर्यंत. वरच्या वर्गातले पॅड सात-आठ हजार. डिस्क लागल्या तर पाच हजार. दर शहरागणिक थोडे मागेपुढे होतील. उरलेल्या पाच-सहा हजारांचं काय करायचं ते टायर ठरवेल. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वरचा, कडक झालेला टायर असेल तर महागडे पॅड रद्द करा, साधे पॅड घ्या आणि ते पैसे टायरमध्ये घाला. दोनच घेता आले तर नवे मागे लावा, पावसात मागची पकड आधी सुटू नये म्हणून. आणि चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या असतील तर ट्रॅकसाठी काढून ठेवा. हवाही खेळते आणि त्या तापून वितळण्याचीही भीती नाही.

पसरणीतून उतरताना पाचगणी सोडल्यापासूनच दुसरा गिअर लावा, खाली येऊन वेग वाढल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून देऊ नका. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की एकदा जोराने दाबून ताशी १०ने उतरवा आणि पूर्ण सोडा. मधल्या काळात डिस्कला हवा मिळते. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये कधीच नाही. इंजिन बंद असेल तर पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ओढ उरते. वाईत पोहोचल्यावर लगेच थांबू नका, सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर सावकाश फिरून मग चहा.

ट्रॅकच्या दिवशी पॅड किमान सहा मिलिमीटर असावेत. पातळ पॅड पिस्टनकडे जास्त उष्णता पाठवतो. पहिली लॅप हळू, मग तीन, फार तर चार जोरात, मग एक पूर्ण लॅप ब्रेक न लावता थंड करायला. बाहेर आलात की हातब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा द्या. तेलाची पातळी आणि नटांचा टॉर्क बघा. पेडल आधीपेक्षा एक सेंटिमीटर जरी खाली गेलं असेल, तर पुन्हा आत जाण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांतून तेल काढून घ्या. म्हणून अर्धा लिटर बंद डबा, नळी आणि रिंग पाना सोबत असू द्या. त्याच गाडीने रात्री बंगळुरूला परतायचं आहे.

पुढच्या शनिवारी चाकं काढलीत तर आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी दोन्ही बाजूंची, डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि मोजलेली जाडी, आणि टायरची चार आकडी खूण, एवढे आकडे लिहून पाठवा. डिस्क घ्यायच्या की टायर, हे त्यावरून ठरवू.